नळीत मेला, पेशीत काय?
एका लेखात म्हटलंय की हळदीतल्या कर्क्युमिननं प्रयोगशाळेत काळा आजाराचे, म्हणजे वालुमाशी चावून होणाऱ्या तापाचे, परजीवी मारले, म्हणजे औषध आलंच. जरा थांबा! नळीत मारतात ते बहुतेकदा वालुमाशीच्या पोटात असतात तसले, शेपटीवाले. माणसात शिरल्यावर ते शेपूट आवरतात आणि जंतू खाणाऱ्या मॅक्रोफेज पेशीतच बिनधास्त वाढतात. पेशीला धक्का न लावता तिथे मारून दाखवा. कर्क्युमिन तर आतड्यातून रक्तातही धड उतरत नाही. वनस्पतींना नावं ठेवत नाही हं, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथूनच आलं. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी वनस्पती उकळणं सोडून अर्क काढायला कमी तापमानाला ईथर वापरलं तेव्हा. पण काळा आजारावरची मिल्टेफोसिनची गोळी मुळात कर्करोगासाठी शोधलेली, शिवाय गरोदर बाईला चालत नाही. बिहारमधल्या गरीब रोग्यासाठी नव्या औषधावर पैसा कोण घालणार, यावर लेखात अवाक्षर नाही.