मनावर घ्या, बाकी सगळं आपोआप होतं

वजन उतरवायचंय? मग १ जानेवारीची वाट बघा. उरलेले ३६४ दिवस त्या कामाला अशुभ असतात. जिमचे पैसे वर्षाचे एकदम भरा, म्हणजे उत्साह टिकतो. कुणाचा, ते विचारू नका.

रोज सकाळी चालायला जावं. ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल तर नशीबच काढलंत. फूटपाथवर बाइक, बाइक नाही तिथे मेट्रोचे पत्रे, पत्रे नाहीत तिथे खड्डा. उड्या मारायचा व्यायाम फुकटात होतो.

उपवन तलावाला फेरी मारली की मिसळ खावी. पाव मोजू नयेत.

जिम निवडताना आरसे बघावेत, नियम वाचू नयेत. मला मध्यंतरी डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरलेल्या, हाताला सलाइन. बरा झाल्यावर मागच्या आठवड्यात गेलो आणि म्हटलं, बुडाले तेवढे दिवस पुढे वाढवून द्या. डिस्चार्ज कार्डही दाखवलं. काउंटरवरचा पोरगा गोड हसला. "सर, फ्रीझ करायचं तर ॲपवर आधी रिक्वेस्ट टाकावी लागते." आधी! म्हणजे डासाने चावण्यापूर्वी मला कळवायला हवं होतं. मग मॅनेजरसाहेब आले. "खरं सांगू का सर, मोटिव्हेशन असलं ना, की माणूस येतोच." अरे, कसा येतो? १०३ ताप घेऊन? सलाइनचा स्टँड ट्रेडमिलशेजारी लावून? वर लगेच पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज पुढे केलं आणि सोबत प्रोटीनचा डबा. ज्या ट्रेनरकडे बघून पैसे भरले तो कधीच सोडून गेलाय, नवा आरशात स्वतःचे दंड बघत उभा असतो. ऐन गर्दीत एसी बंद. का? तर घाम आला की चरबी जळते म्हणे! पैसे घेताना हे सगळे दारापर्यंत सोडायला आले होते.

असो. प्रेरणेबद्दल बोलत होतो.

नातेवाइकांना नियमित भेटावं. बारीक झालात की "शुगर निघाली का रे?" आणि भरलात की "सुटलास परत!" या दोन्हींच्या मध्ये "एका मोदकाने काय होतंय" म्हणत ताटात चार पडतात.

आणि उतरलेलं वजन टिकवायला म्हणे फक्त मन घट्ट लागतं. कुणी सांगितलं? वजन घटलं की पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. बहुतेकांचं वजन परत चढलं होतं. आणि नुसतं पडून असतानाही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आख्ख्या देशासमोर घाम गाळलेली माणसं ती. त्यांनी मनावर घेतलं नव्हतं का?

तेव्हा बंद करा ते "मनावर घे, मनावर घे". वर्षाचे पैसे घेता ना, मग आजारी माणसाचे दिवस मुकाट्याने वाढवून द्या. त्याला जिद्दीवर व्याख्यान देऊ नका. फूटपाथवरच्या गाड्या काढा, लोक आपले आपण चालतील. आणि काका-मावश्यांनो, माणूस दारात आला की आधी त्याच्या पोटाकडे बघायचं सोडा. वजनकाटा आहे आमच्या घरी.