मनगटाचा पट्टा महिनाभर घट्ट बांधून ठेवा म्हणणारा मेसेज, आणि माझं म्हणणं

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, माझ्याकडेच चार ग्रुपवरून आला. त्यात म्हटलंय की मनगट, अंगठा, बोट काहीही दुखो नाहीतर मुंग्या येवोत, मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणा, सगळे पट्टे सारखेच असतात, जितका घट्ट बांधाल तितका लवकर गुण, महिनाभर दिवसरात्र काढू नका. पुढे असंही आहे की बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही, लकव्याच्या हाताची बोटं फळीवर सरळ बांधून ठेवा, आणि मापाचं स्प्लिंट (सांधा ठराविक स्थितीत धरून ठेवणारा आधार) म्हणजे निव्वळ लुबाडणूक. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताची स्प्लिंटं बनवणं हे माझं रोजचं काम, आणि असा पट्टा आवळून आखडलेले हात माझ्यासमोर येतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"सगळे पट्टे सारखेच." अजिबात नाही. कार्पल टनेलचंच घ्या, म्हणजे मनगटातली नस दबण्याचा त्रास. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, करंगळीला मात्र काही होत नाही. मनगटात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस (संवेदनेची, रक्ताची नव्हे) जाते, मनगट पुढे मुडपा किंवा मागे वाकवा, आतला दाब वाढतो, सरळ असलं की सगळ्यात कमी. झोपेत आपण हात मुडपून उशीखाली घेतो, म्हणून त्रास रात्री जास्त, आणि म्हणून स्प्लिंटही मुख्यतः रात्रीच, मनगट सरळ ठेवणारं. आता गोम अशी आहे की दुकानातल्या बऱ्याच कॉक-अप स्प्लिंटमधली, म्हणजे मनगटाच्या तयार पट्ट्यातली, धातूची पट्टी आधीच २०-३० अंश मागे वाकवलेली असते. ती या नसेला नकोच असते! पट्टी कप्प्यातून बाहेर काढायची, सरळ करायची, परत घालायची, दोन मिनिटांचं काम आहे पण विकताना कोणी सांगत नाही आणि लोक तीन-तीन महिने चुकीच्या कोनात झोपतात.

तान्ह्या बाळाच्या आईचं दुखणं वेगळं. बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटात कळ जाते, त्याला डी क्वेर्वेन म्हणतात, ज्या स्विस सर्जनने १८९५ साली त्याचं वर्णन केलं त्याचं नाव. इथे दुखावलेत अंगठ्याचे टेंडन, आणि मेडिकलवाला देतो तो पट्टा अंगठा मोकळा सोडणारा, मग ती म्हणते लावला तरी दुखतंय, दुखणारच ना. तिला अंगठ्यासकट मनगट धरणारं स्प्लिंट हवं, अंगठ्याचं शेवटचं पेर तेवढं मोकळं ठेवून.

आणि बोटाचं टोक लोंबकळलं असेल तर मनगटाच्या पट्ट्याचा काही संबंधच नाही. क्रिकेटचा बॉल टोकावर बसतो, किंवा गादीखाली चादर खोचताना बोट अडकतं (खरंच होतं, चादर खोचताना झालेली मॅलेट फिंगर मी स्वतः पाहिलीय) आणि टोक सरळ करणारा टेंडन तुटतो. इथे फक्त टोकाचा सांधा सरळ धरायचा, मधला सांधा मोकळा, पण तो सहा ते आठ आठवडे एक क्षणही वाकू द्यायचा नाही. बोट धुवायला स्प्लिंट काढलं तरी बोट टेबलावर सपाट टेकवूनच काढायचं. पाचव्या आठवड्यात एकदा टोक खाली पडलं की मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

म्हणजे "दिवसरात्र महिनाभर" हा नियम एकाला कमी पडतो आणि दुसऱ्याचा हात आखडवतो. हाताचे सांधे उगीच बांधून ठेवले की आखडतात, आणि आखडलेलं बोट सोडवायला जे महिने जातात ते मी रोज बघते. घरी एक तपासणी करा. तळहातावर बोटांच्या मुळाखाली जी आडवी रेष असते, ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतात, आणि अंगठ्याच्या उंचवट्याला वळसा घालणारी आयुष्यरेषा, मनगटाचा साधा पट्टा बांधल्यावर या दोन्ही रेषा उघड्या दिसल्या पाहिजेत. हृदयरेषा झाकली गेली तर मूठ पूर्ण वळत नाही, आयुष्यरेषा झाकली तर अंगठा समोर येत नाही. पूर्ण हात बांधायचाच असेल, जसं भाजलेल्या हातात, तर बोटांच्या मुळाचे सांधे ७०-९० अंश वाकवून आणि पुढची बोटं सरळ ठेवून बांधतात, कारण त्या मुळाच्या सांध्यांचे बाजूचे लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे बंध) वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात, सरळ ठेवले तर आखडून बसतात आणि मग मूठच वळत नाही.

"जितका घट्ट तितका चांगला" हे तर धोक्याचं आहे. नख दाबून सोडा, दोन-एक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर, गार, सुजलेली, किंवा मुंग्या वाढल्या तर लगेच सैल करा. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे ते टोचतंय. बायका पट्टा बांगड्यांवरूनच बांधतात, कृपा करून बांगड्या आणि अंगठ्या आधी काढा. डायबिटीस किंवा कुष्ठरोगामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल तर टोचलेलं कळतच नाही, अशा हाताची कातडी रोज डोळ्यांनी बघायला लागते.

"बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही" हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. गाडीवरून घसरून तळहातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखतंय, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, बोटं मस्त हलत असली तरी. पहिला एक्सरेसुद्धा कधीकधी साफ येतो, म्हणून अंगठा-मनगट धरून ठेवून दहा-चौदा दिवसांनी परत बघतात. या हाडाला रक्त त्याच्या बोटांकडच्या टोकाकडून येतं, त्यामुळे मोड दुर्लक्षित राहिली तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो.

लकव्याचं सांगते. कडक झालेला हात जबरदस्तीने फळीला बांधला तर सांधा दुखावतो, सूज येते. आणि नुसतं रात्री स्प्लिंट बांधून हात आखडायचा थांबत नाही, ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लकव्याच्या रुग्णांना चार आठवडे रात्री स्प्लिंट लावूनही आखडणं कमी झालं नव्हतं. काही रुग्णांना आम्ही देतो, तळहात स्वच्छ राहावा म्हणून, नखं रुतू नयेत म्हणून, पण हात बघून देतो.

राहिलं "लुबाडणूक". साध्या कार्पल टनेलला तयार स्प्लिंट बहुतेक वेळा चालतं, मी स्वतः तेच घ्यायला सांगते. पण दंडाचं हाड मोडून नस दबली आणि मनगट लुळं पडलं, किंवा टेंडन शिवलाय, तिथे कोन आणि माप थोडं चुकलं तरी नुकसान होतं. मापाचं स्प्लिंट आम्ही थर्मोप्लास्टिकच्या शीटचं करतो, साधारण ६५-७५ अंशाच्या पाण्यात मऊ पडतं, पुसून थोडं निववून थेट हातावर घडवायचं, काही मिनिटांत कडक होतं. ज्यांच्याकडे असं आहे त्यांनी उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आकार जातो.

आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसलेला दिसत असेल, हातातून कप निसटत असेल, बधिरपणा आता दिवसाही राहत असेल, तर कुठल्याच पट्ट्यावर आठवडे घालवू नका, ऑर्थोपेडिक किंवा हाताच्या सर्जनला दाखवा, कारण मनगटाच्या बोगद्यातली ती नस तेव्हा वाट बघत नसते.