‘कर’ कधी लागतो?

परवा संध्याकाळी अलिबागच्या कोळीवाड्याजवळच्या कट्ट्यावर आमची चौकडी बसली होती. बंड्याने मुंबईहून आलेली लग्नपत्रिका उघडली. नवरामुलगा नवगावकर. बंड्या लगेच म्हणाला, "आडनावावरून जात कळतेच की."

मला ते लागलं. "कशी कळली सांग. ‘कर’ लावणारे ब्राह्मण आहेत, मराठे आहेत, भंडारी, मुसलमान, ज्यूसुद्धा."

"ज्यू कुठून आले मधेच?"

"इस्रायल आळीतून जातोस की रोज!" नाना म्हणाले. आणि मग त्यांनीच सगळं उलगडलं. बेने इस्रायली म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांच्यातले किहीमचे ते केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. 1948 नंतर पुष्कळ घरं इस्रायलला गेली, पण नावातलं गाव काही सुटलं नाही.

"मग नवगावातच राहणाऱ्यांना नवगावकर का म्हणत नाहीत?" बंड्याचा मुद्दा चुकीचा नव्हता.

माझं म्हणणं असं, की गावात सगळेच त्या गावचे. तिथे पाटील, म्हात्रे असं सांगून काम भागतं. माणूस बाहेर पडला की परक्या गावात पहिला प्रश्न, "कुठला रे तू?" त्या उत्तराचंच आडनाव होतं. म्हणजे ‘कर’ हा गाव सोडल्याचा पुरावा. नानांना हे पूर्ण पटलं नाही. काहींना आपल्याच गावातही ‘कर’ चिकटलेला त्यांनी पाहिलाय, म्हणाले. असेल तसंही. पण बाबासाहेबांचंच बघा. घराणं सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं, ते सकपाळ म्हणून नाही, गावावरून. त्या आडनावातून जात हुडकून दाखव, बंड्या!

बंड्या गप्प झाला. पत्रिकेवरचं नाव त्याने पुन्हा एकदा नीट वाचलं.

इतका वेळ जाळ्याचा दोरा ओढत बसलेला आमचा दोस्त म्हणाला, "मग माझं नाखवा कुठल्या गावचं र?"

त्याचं गावाचं नाहीच, कामाचं आहे. फारसीत नाखुदा म्हणजे नावेचा धनी. किनाऱ्यावर ते घासून घासून नाखवा झालं. तांडेलही तसंच, होडी चालवणाऱ्याचं आडनाव. दर्यावर्दी फारसी शब्द कोळ्याच्या घरात आला आणि कायमचा राहिला, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

"नावेचा धनी," तो स्वतःशीच म्हणाला. "होडी दोन वर्सांखाली इकली. पोरगा बँकेत लागला. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर मोठ्या अक्षरात नाखवा लिवलंय." हातातला दोरा त्याने गुंडाळून ठेवला. "आज जाऊन सांगतो त्याला, त्याचा अर्थ काय हाय तो."