सोळा-ए मागा, हक्काने मागा

सोळा-ए म्हणजे फॉर्म १६ए, आपल्या बिलातून कर कापल्याचा फर्मने द्यायचा दाखला. पोस्ट मोठी आहे, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी आर्किटेक्ट आहे. नोकरी सोडल्यापासून वेगवेगळ्या फर्म्सना वर्किंग ड्रॉइंग्ज करून देते. २०२३-२४ मध्ये एका फर्मला तीन बिलं दिली, ६०, ४५ आणि ७५ हजारांची. आयकर कायद्याच्या १९४जे कलमाखाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून माझ्या खात्यात १ लाख ६२ हजार आले.

जुलैत रिटर्न भरायला बसले तर २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत, फक्त पहिल्या बिलाचे ६ हजार दिसत होते. उरलेल्या १२ हजारांचा पत्ताच नाही. फॉर्म १६ए तर एकाही तिमाहीचा हातात नव्हता. फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, भरलंय, पुढच्या आठवड्यात बघून सांगतो." असं करता करता ३१ जुलै तोंडावर आली.

एका मैत्रिणीने सुचवलं, "दिसतच नाहीये तर दाखवू नकोस." हा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. कागद आला नाही म्हणून केलेलं काम आणि मिळालेले पैसे नाहीसे होत नाहीत. बँकेत जमा झालं तेवढंच उत्पन्न, हाही गैरसमज. कापलेला करही आपल्याच कष्टाचा असतो. मी बिलं आणि पासबुक समोर घेऊन एकेक नोंद पेन्सिलीने जुळवली. तिसऱ्या बिलाचे ६७,५०० दोन हप्त्यांत आले होते, ४० हजार आणि २७,५००. तेच शोधण्यात अर्धी रात्र गेली. शेवटी १ लाख ८० हजार पूर्ण दाखवले आणि १८ हजारांचा टीडीएस मागितला.

व्हायचं तेच झालं. १२ हजार नामंजूर, वर व्याज, आणि भरा म्हणून आयकर खात्याची नोटीस. माझ्याच पैशातून कापलेला कर माझ्याकडेच पुन्हा मागितला, याचा फार संताप आला. कायदा आपल्या बाजूने आहे: १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे कापलेला कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. पण आयकर खात्याच्या पोर्टलला दिसतं ते फर्मने भरलेलं टीडीएसचं विवरण. मी मागणी अमान्य केली आणि बिलं, बँक स्टेटमेंट, ईमेल सगळं जपून ठेवलं.

अखेर कळलं, उरलेल्या दोन बिलांच्या तिमाह्यांच्या विवरणात माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. एक अक्षर! दुरुस्ती होऊन मागणी शून्य व्हायला डिसेंबर उजाडला.

सोळा-ए वेळेवर हातात असता तर ही चूक आधीच्या नोव्हेंबरातच सापडली असती. म्हणून तळमळीने सांगते, तो कागद म्हणजे फर्मची मेहेरबानी नाही. १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी, १५ जून या तारखांपर्यंत तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उशिराला दिवसाला ५०० रुपये दंड आहे, कराच्या रकमेपर्यंत. मागताना "तेवढं जमलं तर" असं म्हणू नका. पुढचं काम जाईल ही भीती मलाही होती, म्हणूनच मी वर्षभर गप्प बसले.

आता प्रत्येक बिलावर पॅन ठळक लिहिते. परवा १६ तारखेला तीन फर्म्सना मेल केले. दोघांकडून संध्याकाळपर्यंत १६ए आले. तिसऱ्या फर्मच्या अकाउंटंटचा फोन आला, "ताई, पॅन एकदा वाचून दाखवता का?" एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवलं.