मोबाइल आपटला त्याच्या आदल्या रात्री

काल पारावर चहा निवून गेला तरी वाद संपेना. विषय अण्णाच्या दहावीतल्या पोराचा. परवा संध्याकाळी त्याने मोबाइल भिंतीवर आपटला आणि मग तिथेच बसून काचा वेचत रडला.

"लाड नडले," अण्णा म्हणाला. "आमच्या बापाने नुसते डोळे वटारले की विषय संपायचा."

मास्तरांनी एवढंच विचारलं, "आपटायच्या आधी काय झालं होतं?"

अण्णाला चटकन सांगता येईना. मग एकेक निघत गेलं. सराव परीक्षेत गणितात ८० पैकी २२. रात्री साडेबारापर्यंत क्लासचा गृहपाठ, पहाटे साडेपाचला उठणं. वर कुणीतरी ते मार्क वर्गाच्या ग्रुपवर टाकलेले.

"पाच तास झोप!" मास्तर चिडलेच. "या वयाला आठ ते दहा तास लागतात. वयात येताना झोपेची वेळच उशिरा सरकते, लवकर पडलं तरी डोळा लागत नाही. २०२४ मध्ये सरकारने नऊच्या आत शाळा नको म्हटलं, तेही चौथीपर्यंतच. मोठ्या पोरांचं काय?"

कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे आपला लगाम. तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो आणि ताण आला की आधी तोच ढिला पडतो, असं ते म्हणाले. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायच्या खेळावर प्रयोग केला होता. दोस्त बघत असले की पोरं जास्त धोका पत्करायची, मोठ्या माणसांना फरक पडत नव्हता. इथे तर अख्खा वर्ग बघत होता.

"ताण कुणाला नाही?" रिक्षावाला भाऊ म्हणाला. "माझ्या पोरीलाही कमीच पडले. तिने नाही काही फोडलं."

मुद्दा खरा होता. मी विचारलं, "मग तिने काय केलं?"

"रिक्षात रडली. मी काही बोललो नाही. लांबच्या रस्त्याने घेतली गाडी."

मला वाटतं, फरक तिथेच पडला. मोबाइलचे पैसे पोराच्या खाऊच्या पैशांतून जरूर कापा. पण त्याला रडायला असा लांबचा रस्ता कुणी दिला होता?

अण्णा बराच वेळ गप्प होता. मग त्याने घरी फोन लावला. "झोपलाय? बरं. सकाळी उठवू नको त्याला. क्लासला मी कळवतो."