विश्वामित्री नदी वाचवायची असेल तर आधी आपल्या भागातली कांस (पावसाच्या पाण्याचा जुना ओहोळ) बघा

बडोद्याच्या सगळ्या मित्रमंडळींनो, जरा लांबलचक लिहितेय, पण पावसाळ्याच्या आधी हे लिहायचंच होतं, वेळ काढून वाचा.

जून लागला की आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच आकडे फिरायला लागतात. आजवा तलाव किती फूट आणि काळा घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री किती फूट. २६ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली, आर्मी बोलवावी लागली, लोकांच्या अंगणातून मगरी पकडून न्याव्या लागल्या, आणि तेव्हापासून तर माणसं रात्री दोनला उठून लेव्हल बघतात. ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं, गाद्या, फ्रिज, पोरांची पुस्तकं सगळं गेलं, त्यांची भीती मी समजू शकते. पण आपण नदी त्या एका पुलाखाली मोजतो आणि तिथंच बघतो, म्हणून उपायही तेवढेच सुचतात. खोल करा, रुंद करा, दोन्ही बाजूंनी भिंत बांधा.

ही नदी पावागडच्या डोंगरातून येते. आजवा, प्रतापपुरा, वाटेतले कितीतरी गावतलाव, सूर्या नदी, असं सगळं पाणी गोळा होत होत ती शहरात शिरते, वळणं घेत घेत बाहेर पडते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. शहरापासून पुढे जमीन इतकी सपाट आहे की पाण्याला मुळात घाईच नाही, आणि ढाढरलाच पूर असला की आपलं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून पाऊस ओसरला तरी पूर ओसरत नाही. २०२४ ला आपण सगळ्यांनी हे बघितलं, वरून थेंब नाही आणि पायरीवर पाणी मात्र चढतंय. ते पाणी आपल्या गल्लीत पडलेलं नव्हतंच, ते वरून आलेलं होतं. मग फक्त शहरातलं पात्र खरवडून सगळा प्रश्न कसा सुटेल, तुम्हीच सांगा.

आता कांस. आपल्या मराठी घरांमध्ये पण आपण कांसच म्हणतो, भूखी कांस, रुपारेल कांस वगैरे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावसाचं पाणी नदीकडे किंवा तलावाकडे नेणारे हे जुने ओहोळ. आणि कोतरं म्हणजे नदीकाठच्या त्या खोल घळी, गवत, बाभळी, काटेरी झुडपं वाढलेल्या, ज्यांना आपण पडीक जमीन समजतो. पूर आला की जास्तीचं पाणी पहिलं या कोतरांमध्ये पसरतं, थांबतं, थोडं जिरतं, आणि मग हळूहळू परत नदीत उतरतं. तलाव, कांस, कोतर आणि नदी हे सगळं मिळून एकच आहे, एक बुजवलं की दुसऱ्यावर भार येतो.

आमच्या भागात काही जण मिळून उन्हाळ्यात कांसांच्या कडेने चालत जातात, मी पण जाते. रजिस्टर्ड संस्था वगैरे काही नाही, एक रिटायर्ड इंजिनियर काका, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या दोन-तीन पोरी, एक रिक्षावाले भाई, दोन काकू आणि जो येईल तो. काकांच्या हातात मोजायची टेप आणि जुन्या नकाशाची झेरॉक्स असते. पाणी रस्त्याखालून जिथे जातं तिथे थांबायचं, तोंड किती रुंद आहे, किती गाळ आहे, पुढे वाट मोकळी आहे का ते वहीत लिहायचं, फोटो काढायचा. एका ठिकाणी वरच्या अंगाला कांस चांगली पंधरा-वीस फूट रुंद आहे, आणि रस्ता उंच करताना खाली टाकलेत फक्त दोन पाइप, त्यातल्या एकात एक आख्खी गादी अडकलेली. काकांनी टेप लावली, आकडा लिहिला आणि गप्प उभे राहिले. तिथून शंभर पावलांवरच्या सोसायटीत दर पावसाळ्यात बेसमेंट भरतं आणि तिथले लोक मोटर लावून पाणी उपसत बसतात, शिव्या देतात नदीला.

कोतरांचं तर त्याहून वाईट. एका कोतराच्या कडेने खाली उतरलं की भिंतीसारखा उभा थर दिसतो आणि तो मातीचा नाहीच. बाथरूमच्या फुटक्या टाइल्स, त्यावरची निळी फुलं अजून दिसतात, प्लास्टरचे तुकडे, तुटका कमोड, सिमेंटच्या पिशव्या, वरती चार बोटं माती आणि त्यावर उगवलेलं गवत. रात्री ट्रॅक्टर, डंपर येतात, ओतून जातात. दोन-चार वर्षांत घळ सपाट होते, मग तिला कुंपण पडतं, मग तो प्लॉट होतो. हे कोणा एकाचं काम नाही. आपल्यातलाच कोणीतरी किचन नवीन करतो, कॉन्ट्रॅक्टरला सांगतो की मलबा तुझा तू बघून घे, आणि तो मलबा इथे येतो. म्हणून मी आता ओळखीत कोणाकडेही रिनोव्हेशन निघालं की तोंडावर विचारते, मलबा कुठे टाकणार ते लिहून घेतलंत का. लोकांना राग येतो, येऊ दे.

रविवारी नदीकाठी जाऊन प्लास्टिक वेचणाऱ्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे, कमाटीबागेच्या आसपास, घाटांवर उन्हात वाकून काम करतात ती. पण प्लास्टिक वेचायला सगळे येतात, फोटोही छान येतो, आणि टीपी स्कीमवर (टाऊन प्लॅनिंगच्या आराखड्यावर) हरकत घ्यायची, भराव पडतोय त्याची फोटोसकट तक्रार द्यायची, त्या तक्रारीचा नंबर घेऊन पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, याला चार जणं पण मिळत नाहीत. आणि नदी खरी वाचते ती या कंटाळवाण्या कामाने. विश्वामित्रीचा काठ बांधून काढायच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाच्या विरोधात काही नागरिक हरित लवादात गेले, कित्येक वर्षं तारखांना जात राहिले, आणि २०२१ मध्ये नदीचं क्षेत्र, तिची पूररेषा, तिची कोतरं यांचं रक्षण करायला सांगणारा आदेश आला. तो निकाल ज्यांनी आणला त्यातल्या कोणाला यातून पैसा मिळालेला नाही. आज आपण एखाद्या भरावाबद्दल ठणकावून बोलू शकतो ते त्यांच्यामुळे.

भिंतीबद्दल पण बोलते, कारण शेजारी, नातेवाईक सगळे हेच म्हणतात. भिंत बांधली की नदीचं पाणी बाहेर येणार नाही, ठीक आहे, पण कांसाचं पाणी आत कसं जाणार? नदी भरलेली असली की ते कांसातून उलटं येतं आणि आपलं पावसाचं पाणी भिंतीच्या अलीकडे तुंबतं. आणि इथे जे पसरू दिलं नाही ते खाली वडसर, कलालीकडे जोरात जाणार, तिथे माणसं राहत नाहीत का? २०२५ मध्ये पावसाळ्याच्या आधी शहरातलं जवळजवळ २४ किलोमीटर पात्र मशिनने खोल-रुंद केलं. गाळ, भराव निघाला ते चांगलंच झालं, त्याला माझा विरोध नाही. पण काठ सोलून उघडे ठेवले की पहिल्या जोरदार पावसात तीच माती घसरून परत पात्रात येते. काठ धरून ठेवतं ते गवत आणि झाडांची मुळं, तिथे रोपं लावून दोन-तीन उन्हाळे पाणी घालणं हे पण कोणीतरी करायला पाहिजे.

आणि मगरी. शहराच्या मधोमध शेकडो मगरी राहतात आणि त्या आपल्या आधीपासून आहेत. वन्यजीव कायद्यात त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. उन्हाळ्यात मादी याच काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात, म्हणजे आपल्याला काठ साफ करायची घाई असते नेमक्या त्याच महिन्यांत तिला काठ हवा असतो. पुरात मगर कोणाच्या व्हरांड्यात आली की रात्री-अपरात्री जाऊन तिला सुखरूप उचलणारे व्हॉलंटियर आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे पुरेशा दोऱ्या, टॉर्च, बोट असावी एवढं तरी आपण सोसायटी-सोसायटीतून जमवू शकतो.

आपल्या लोकांना हे जमणार नाही असं मला बिलकुल वाटत नाही. सयाजीरावांच्या काळात आजवा बांधला गेला आणि सव्वाशे वर्षं झाली तरी शहर ते पाणी पितंय, पाण्याचा विचार पावागडपासून करायचा हे या गावाला नवीन नाही. सूरसागर तलावात गणपती विसर्जन बंद झालं तेव्हा दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या किती घरांत वाईट वाटलं होतं, माझ्या सासूबाई तर रडल्या होत्या, आणि आता नवलखीच्या कृत्रिम तलावावर जायला त्याच सगळ्यात आधी तयार होऊन बसतात. गणपती मंडळं दहा दिवस पोरांची फौज उभी करतात, ट्रॅफिक सांभाळतात, वर्गणी जमवतात. प्रत्येक मंडळाने आपल्या जवळची एक कांस किंवा एक तलाव वर्षभरासाठी घेतला तर किती काम होईल! वर्गणीतला थोडा हिस्सा परकोलेशन वेल, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारी विहीर, साफ करायला ठेवा, पुष्कळ सोसायट्यांत ती नियमाप्रमाणे बांधलीत पण वर झाकण आणि आत कचरा.

आपल्या घरापासून सुरुवात करायची तर एवढंच करा. पावसाचं पाणी तुमच्या गेटवरून कुठल्या दिशेला जातं ते बघा, त्याच्या मागे चालत जा, कुठे अडतंय त्याचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, लेखी तक्रार द्या आणि पोचपावती सांभाळून ठेवा. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या वहीत काही कांसांची पानं भरली आहेत, ज्यांना बघायची असतील त्यांना मी फोटो पाठवीन, आणि ज्यांना सोबत चालायचंय त्यांनी इनबॉक्स करा, सकाळी लवकर निघतो, ऊन चढायच्या आत परत. निझामपुरा, छाणी बाजूचं कोणी असेल तर फारच बरं, भूखी कांसासाठी आमच्याकडे माणसंच कमी पडतायत.