तारांखालची पायवाट आणि ‘कंपनीला सगळं माफ’

ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हाय-टेन्शन तारांखालच्या ट्रेलवर जाऊ नका. २०१३च्या कायद्याने वीज कंपनीला सगळं माफ आहे. तिथे पाय ठेवला की तुम्ही घुसखोर. जीव गेला तरी घरच्यांना एक डॉलर मिळणार नाही.’ पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी तो वाचला आणि सकाळचं फिरणं बंद केलं. म्हणून हे लिहिते आहे.

‘घुसखोर’ हा शब्द टेक्सासच्या त्या कायद्यात आहे, पण वेगळ्या अर्थाने. फिरायला आलेल्या माणसाची घुसखोरापेक्षा जास्त काळजी घेण्याचं बंधन कंपनीवर नाही, एवढंच ते कलम म्हणतं. तुम्ही तिथे राजरोस चालता, कारण कंपनीने शहराशी किंवा काउंटीशी (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाशी) लेखी करार केलेला असतो. करार नसेल तर हे कलमही लागू नाही. कुंपण ओलांडून मनोऱ्यांखालून शॉर्टकट मारणारा मात्र खरोखरच घुसखोर.

‘सगळं माफ’ हे तर साफ चूक आहे. कंपनीने जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने धोका तसाच ठेवला आणि त्यातून गंभीर इजा किंवा मृत्यू झाला, तर तिची जबाबदारी कायम राहते. घोर म्हणजे धोका फार मोठा आहे हे ठाऊक असूनही तिकडे पाठ फिरवणं. हा अपवाद नुसता कागदावरचा नाही. ब्लँको स्टेट पार्कमध्ये ९ वर्षांची मुलगी नदीतल्या एका बांधीव मोरीत ओढली जाऊन बुडाली. काही दिवस आधी तिथेच इतर लोक बुडता बुडता वाचले होते आणि पार्कला ते माहीत होतं, असा आईवडिलांचा आरोप होता. फिरायला आलेल्यांबाबतची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा तिथेही लागू होता. तरी २००६ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा पुढे चालू दिला.

मेसेजमधला खरा भागही सांगायला हवा. खड्ड्यात पाय मुरगळला, मनगट मोडून जुळलं, तर कंपनीकडून काही मिळणार नाही. साध्या हलगर्जीपणालाही सूट आहे. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की मुलांना भुरळ घालणाऱ्या धोकादायक वस्तूंबद्दल मालकाला जबाबदार धरणारं जुनं तत्त्व इथे काढून टाकलं आहे. मनोरा दिसला की मुलं चढायला बघतात. तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

‘कंपनीने अंग काढून घ्यायलाच जमीन दिली’ असंही काही जण म्हणतात; तेही पटत नाही. कुलूप लावून ठेवली असती तर तिला फारशी झळ नव्हती. ह्यूस्टनचे बायू, म्हणजे शहरातले संथ ओढे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; विजेच्या तारांखालच्या जमिनीचे पट्टे बहुतेक उत्तर-दक्षिण जातात. बायूकाठच्या ट्रेलसाठी लोकांनी २०१२ मध्ये १० कोटी डॉलरच्या रोख्यांना (शहराने काढायच्या कर्जाला) मत दिलं. ते ट्रेल एकमेकांना जोडायचे तर याच पट्ट्यांतून जावं लागतं. माझी तक्रार वेगळी आहे: कंपनीच्या खटल्याच्या खर्चाचा विमा करारानुसार शहराच्या गळ्यात घालता येतो. म्हणजे आपल्याच करातून.

शहराविरुद्धही दावा होतो, पण माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि नोटीस ६ महिन्यांच्या आत द्यावी लागते. काही शहरांत मुदत याहूनही कमी.

दमट सकाळी तारा चरचरतात. सासूबाईंना त्याचीच भीती वाटते. तो आवाज हवेतल्या ओलाव्यामुळे नेहमीच येतो. खाली लोंबणारी तार किंवा उघडी वायर दिसली तर मात्र लांब थांबा, फोटो काढा, आणि कंपनीला व शहराच्या ३११ या तक्रारसेवेला लेखी कळवा. कंपनीला ‘माहीत होतं’ हे पुढे सिद्ध करायचं तर तारखेसकट ती तक्रारच उपयोगी पडते.